चार नंबरची बेल

इस्पितळातल्या बेडशेजारी एक बटण असतं, ते दाबलं की नर्स येते. लोकांना एवढंच ठाऊक असतं आणि तेवढं पुरतं. बटण आणि नर्स यांच्यामधे जे काही असतं, म्हणजे वायरी, दिवे, नर्सच्या टेबलावरचं पॅनेल, त्यात माझी नोकरीची एकतीस वर्षं गेली. पहिली काही नागपूर-पुण्यात, उरलेली सिंगापुरात. नातेवाइकांत मी 'तिकडं मेडिकल लाइनला' आहे असं सांगितलं जायचं, त्यामुळे सुट्टीवर गेलो की लोक मला गुडघे दाखवायचे. मी म्हणायचो, बाबांनो, मी फक्त बेल लावतो. मग त्यांचा चेहरा पडायचा आणि चहासुद्धा जरा उशिरा यायचा.

या धंद्याचा एकच नियम बाहेरच्या माणसानं समजून घेण्यासारखा आहे. पेशंटनं बेल दाबली की पॅनेलवर त्याचा नंबर येतो, दारावरचा दिवा लागतो आणि आवाज सुरू होतो. हा आवाज टेबलाशी बसून बंद करता येत नाही. उठून त्या बेडपर्यंत चालत जायचं आणि तिथलं हिरवं बटण दाबायचं, तेव्हाच तो थांबतो. नर्सेसना याचा फार राग. प्रत्येक इस्पितळात कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारायचंच, "मिस्टर प्रकाश, इथूनच बंद करायची काही सोय नाही का?" सोय होती. सॉफ्टवेअरमधे एका चौकोनात खूण केली की झालं. पण ती मी कुणाला दिली नाही. माणसानं जाऊन पाहावं एवढ्यासाठीच तर बेल असते. एकतीस वर्षांत हा नियम मी एकदा मोडला, आणि तेच सांगायला आज बसलो आहे.

आधी थोडी गिऱ्हाइकं सांगतो, म्हणजे नियम का हवा ते कळेल. सेम्बावांगच्या गोदीत मुकादम म्हणून आयुष्य घालवलेले एक चिनी आजोबा होते. ते बरोबर आठ, बारा आणि पाचला बेल दाबायचे. नर्स धावत आली की म्हणायचे, "काही नाही, पाळी सुटली." आठवडाभर हे चाललं. एका सकाळी आठची बेल वाजली नाही, आणि नर्स बेलशिवायच धावत गेली. त्यांना पक्षाघात झाला होता. वेळेत कळलं म्हणून ते वाचले. दुसरे आपल्यातलेच एक काका. मुलाकडं पुण्याहून महिनाभरासाठी आले आणि न्युमोनिया घेऊन ॲडमिट झाले. चार दिवसांत त्यांच्या बेडवरून एकदाही बेल नाही म्हणून मला वायर तपासायला बोलावलं. वायर ठणठणीत होती. काका दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, त्या मुलींना केवढं काम असतं. उगाच कशाला त्रास द्यायचा?" घसा कोरडा पडला तरी हे गृहस्थ पाणी मागत नव्हते. मी म्हटलं, काका, तुम्ही दाबली नाहीत तर माझी नोकरी जाईल. तेव्हापासून ते रोज सकाळी एकदा बेल दाबायचे, माझ्यासाठी.

आता मूळ गोष्ट. इस्पितळाचं नाव सांगत नाही, आणि जागाही थोडी इकडची तिकडं करून सांगतो. एका धर्मादाय मंडळाचं ते छोटं इस्पितळ होतं. ऑपरेशन झालेल्या, पडलेल्या, पक्षाघातातून उठणाऱ्या म्हाताऱ्यांना महिना-दोन महिने ठेवून चालतं करण्याचं काम तिथं व्हायचं. जुनी इमारत तोआ पायोहच्या पलीकडं एका टेकाडावर. बैठे लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना रुंद व्हरांडे, कौलांचं छप्पर, वर सावकाश फिरणारे पंखे. पेशंटला बेडवर पडल्यापडल्या पाऊस आणि रेन ट्री दिसायचे. गेल्या दशकाच्या सुरुवातीला मंडळानं उत्तरेकडं नवी आठमजली इमारत बांधली. नव्या बेलचं काम आमच्या कंपनीकडं होतं आणि जुनी बंद होईपर्यंत सांभाळायचं कामही आमच्याकडंच.

जुन्या इमारतीतल्या बायकांच्या वॉर्डात बेलची एक लाकडी पेटी होती. मंडळ काटकसरी, त्यामुळे चालतंय तोवर चालू दे असा कारभार. काचेमागं पितळी पट्ट्या, प्रत्येकीवर एक आकडा. बेल दाबली की त्या नंबरची पट्टी 'टक्' करून खाली पडायची. कुणीतरी बेडपाशी जाऊन यायचं आणि मग काच सरकवून पट्टी बोटानं वर लावायची. या पेटीत चार नंबर नव्हता. चिनी लोकांत चार हा आकडा अशुभ, इस्पितळात तर फारच. बेड मोजताना एक, दोन, तीन आणि एकदम पाच. पेटी मात्र विलायतेहून आलेली, तिला शकुन-अपशकुन कुठून ठाऊक असणार? म्हणून तिच्यातल्या चारच्या पट्टीवर कुणीतरी फार पूर्वी पांढरा कागद चिकटवला होता. तो पिवळा पडला होता.

मी तिथं पहिल्यांदा गेलो त्या दुपारी तीनच्या सुमारास ती कागदाची पट्टी पडली.

वॉर्ड भरलेला होता, ऊन लख्ख होतं, चहाची ढकलगाडी फिरत होती. कुणी दचकलं नाही. चहा वाटणारी एक बुटकी, काटक म्हातारी आया हातातला कप ठेवून "लाइ ल्याव, लाइ ल्याव" म्हणत निघाली. होकिएन बोलीत याचा अर्थ 'आले, आले'. ती तीन नंबर आणि पाच नंबरच्या बेडमधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. तिथं फक्त फरशी होती. दोन्ही हात पुढं बांधून ती एखाद्याचं ऐकावं तशी थोडा वेळ थांबली, मान हलवली, परत आली आणि पट्टी वर लावली. नंतर तिनं मला चहा दिला.

तिचं नाव मॅडम ओंग. सगळे तिला आंटी म्हणत, मीही म्हणायला लागलो. वय सत्तरीच्या पुढचं, आणि त्या वॉर्डात ती तरुणपणापासून होती. बोलायची इंग्रजी, मलय आणि होकिएन यांची खिचडी करून, ते मी इथं मराठीत लिहितो आहे.

आता माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आजोबांनी घरातले सगळे गंडेदोरे, ताईत, अंगारे गोळा करून नागनदीत सोडले होते. आमच्या घरात भूत हा शब्द फक्त हिशेब चुकला तर वापरला जायचा: 'आकड्यात कुठंतरी भूत शिरलंय'. मी त्या आजोबांचा नातू आहे आणि याचा मला अभिमान आहे, जरा जास्तच. मी मॅडम ओंगला सांगितलं, "आंटी, जुनी वायर आहे. दमट हवेनं वरचा कापूस-रबर गेला की करंट शेजारच्या वायरीत उतरतो. तिथं कुणी नाही." आणि मी हसलो. हे हसणं मला पुढं फार महागात पडलं.

ती म्हणाली, "असेल खराब तुझी वायर. तू वायर बघ. बेल वाजली की मी जाणार. कोण आहे ते मी बघते. आहे की नाही ते ठरवायचं काम मला कुणी दिलं नाही."

मी वायर शोधली. माझा तंत्रज्ञ मुरुगन, इथंच जन्मलेला तमिळ, इथल्यासारखं वाक्याला 'लाह' जोडणारा, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि शिडीवर माकडासारखा चढणारा. आम्ही दोघांनी छपराखाली जाऊन चारची वायर टोकापर्यंत पाहिली. ती तीन आणि पाचच्या मधे भिंतीत उतरत होती आणि तिथं तुटकी, गुंडाळलेली होती. शेजारच्या वायरीला कुठंही चिकटलेली नव्हती. मुरुगननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "उंदीर." तो म्हणाला, "ओके लाह, सर, उंदीर." इस्पितळ रिकामं होईपर्यंत ती पट्टी अधूनमधून पडत राहिली आणि मॅडम ओंग जात राहिली. शेवटच्या दिवशी पेशंट बसमधून नव्या इमारतीत गेले, मी पेटीच्या सगळ्या वायरी माझ्या हातानं कापल्या, आणि मॅडम ओंग निवृत्त झाली.

नवी इमारत म्हणजे काचेचं आणि थंड हवेचं काम. बेडला सेन्सर, पेशंट उठला तरी कळायचं. तिथंही बेड एक, दोन, तीन आणि पाच. माझ्या यंत्राला मात्र ओळीनं आकडे लागतात, मधला गाळता येत नाही. म्हणून मी यादीत 'बेड चार' अशी एक ओळ तशीच सोडून दिली आणि तिची वायर वॉर्डाच्या टोकाला छतात मोकळी ठेवली. नकाशावर लिहिलं: शिल्लक. तसं करायची सगळीकडं पद्धत होती.

वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग एक दिवस तिथल्या सिस्टर गोहचा फोन आला. या मुख्य परिचारिका बाहेरून आलेल्या, जुन्या इमारतीत त्यांनी पाऊलही ठेवलं नव्हतं. कडक बाई, शब्द मोजून बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मिस्टर प्रकाश, माझ्या वॉर्डात बेड चारवरून बेल वाजते आहे. माझ्याकडं बेड चार नाही."

मी गेलो. जवळजवळ रोज दुपारी तीनच्या आसपास पॅनेलवर 'बेड ४' येत होतं. दहा-पंधरा मिनिटं आवाज, आणि मग आपोआप बंद. आपोआप म्हणजे काय ते लक्षात घ्या. आमची बेल आपोआप बंद होत नाही. कुणीतरी त्या जागी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. जागाच नव्हती, तर दाबत कोण होतं?

नर्सेसनी आपापल्या परीनं उत्तर काढलं होतं. जुन्या वॉर्डातून आलेल्या दोघी-तिघींनी कागदाच्या पट्टीची गोष्ट बाकीच्यांना सांगितली होती. 'ते' तिकडं एकटं राहिलं होतं, आता इकडं आलं. पॅनेलशेजारी एक संत्रं आणि झाकण लावलेला चहाचा कप ठेवलेला मी पाहिला. आवाज सुरू झाला की सगळ्या मान खाली घालून कामात राहायच्या, कुणी त्या पॅनेलकडं बघायचंही नाही. बघितलं तर ते आपल्या मागं लागतं म्हणे.

मी तिथं उभा असतानाच तीन वाजून काही मिनिटांनी ते वाजलं. खरं सांगतो, हातावर काटा आला. दिवसाढवळ्या, दिव्यांच्या झगझगाटात, नव्या कोऱ्या पडद्यावर तो आकडा लुकलुकत होता आणि खोलीतली सात माणसं श्वास रोखून दुसरीकडं बघत होती. बारा मिनिटांनी ते थांबलं. मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मी फार शहाण्यासारखा बोलतो. मी म्हटलं, "सिस्टर, शिल्लक वायर आहे, छतात एसीचं पाणी साचतं, टोक ओलं होतं, वाळलं की थांबतं. भूतबित काही नाही."

मुरुगन म्हणाला, "सर, सीलिंग उघडून वायरच्या टोकापर्यंत जाऊ या. जुन्या ठिकाणी गेलो होतो तसं."

त्याचं बरोबर होतं. पण चालू वॉर्डातलं सीलिंग उघडायचं म्हणजे खालचे सहा बेड हलवायचे, धूळ उडणार म्हणून परवानग्या काढायच्या. पुढच्या सोमवारशिवाय जमण्यासारखं नव्हतं. सिस्टर गोह म्हणाल्या, "माझ्या मुली घाबरून चुका करतील. आज थांबवा." मग मी तो चौकोन उघडला, जो तोवर कधी कुणासाठी उघडला नव्हता, आणि बेड चारसमोर खूण केली. आता चारची बेल पॅनेलवर दिसणार नव्हती, वाजणारही नव्हती. मी म्हटलं, सोमवारपर्यंत, तात्पुरतं.

त्या रात्री जेवताना यिशुन भागातल्या माझ्या घरी मी हा किस्सा रंगवून सांगितला. मुलगी इथंच वाढलेली, ताटावरून मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, डिड समबडी जस्ट गो अँड सी ऑर नॉट?" मी म्हटलं, "कुठं जाऊन बघायचं? बेडच नाही." ती म्हणाली, "देन हू प्रेस, लाह?" मी तिला एसीच्या पाण्यानं वायर कशी ओली होते ते समजावून दिलं.

ही बुधवारची गोष्ट. शनिवारी संध्याकाळी सिस्टर गोहचा फोन आला. आवाज तसाच मोजका होता, पण मधे एकदा तुटला. एक पेशंट दुपारपासून बेडवर नव्हती. विश्रांतीच्या वेळात ती वॉकर घेऊन फेरी मारायची, म्हणून कुणी शोधलं नाही. जेवणाचा ट्रे तसाच राहिला तेव्हा शोधाशोध झाली. वॉर्डाच्या टोकाला काचेच्या दारापलीकडं छोटी बाल्कनी आहे, तिथं ती फरशीवर पडलेली सापडली, पावसात भिजून, खुबा मोडलेला. सिस्टर म्हणाल्या, "तिच्या हातात लाल दोरी होती, मिस्टर प्रकाश. भिंतीवरच्या बेलची. ती बेल कुठं वाजते?"

मी टॅक्सीनं गेलो. त्या बाल्कनीत मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिची फरशी गळत होती म्हणून ती पेशंटसाठी अजून उघडली नव्हती, दार नुसतं लोटलेलं असायचं. आत एक बुटकं बाक होतं आणि बाकाशेजारी भिंतीवर आमच्याच कंपनीची पांढरी डबी, लाल दोरीची, हिरव्या बटणाची. उद्घाटनाच्या आधीच्या गडबडीत कुणा तपासनिसानं सांगितलं होतं, इथं बेल हवी. वायरमननं छतात हात घातला, एक मोकळी वायर सापडली, ती जोडली आणि तो पुढच्या कामाला गेला. चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नाही. दारावरचा दिवा बाहेरच्या बाजूला बसवलेला, तो आतून दिसत नव्हता. पॅनेलवर मात्र नाव उमटत होतं ते माझ्या यादीतलं: बेड चार. चार टाळायचा म्हणून मी जी ओळ रिकामी सोडली, त्याच ओळीत एक जिवंत माणूस येऊन बसलं होतं.

पेशंटचं नाव मी बोर्डावर वाचलं. मॅडम ओंग. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवड्यांपूर्वी दाखल. ज्या इस्पितळात तिनं जन्म काढला त्याच्याच नव्या वॉर्डात तिला ओळखणारं जवळपास कुणी नव्हतं. ज्यांना ती पट्टीची गोष्ट आठवत होती त्या दोघी-तिघी नर्सेस दुसऱ्या टोकाच्या खोल्या सांभाळत होत्या. आणि बुधवारी येता-जाता मी दोनदा तिच्या बेडसमोरून गेलो होतो.

पॅनेल नोंद ठेवतं, दाखवायचं बंद केलं तरी ठेवतं. मी ती उघडली. शनिवारी दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी पहिली ओढ. मग तीन-अकरा. तीन-बारा. पावणेसहापर्यंत सत्तावीस वेळा. शेवटच्या ओढींमधे बरंच अंतर होतं. प्रत्येक ओळीपुढं यंत्रानं इमानदारीनं लिहिलं होतं, 'दाखवले नाही'.

मी अहवालात सगळं लिहिलं, आणि दोष यंत्राचा नाही, माझा, हेही लिहिलं. मला वाटलं होतं नोकरी जाईल. जायला हवी होती. त्याऐवजी एक बैठक झाली, 'यातून काय शिकलो' असं एक कोष्टक भरलं गेलं आणि मला अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं, जे प्रशिक्षण इतर वेळी मीच देत असे.

आठ दिवसांनी मी तिला भेटायला गेलो. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन होऊन ती पडून होती, छातीत कफ भरलेला. मला बघून म्हणाली, "बेल-मिस्टर."

मी सगळं सांगितलं. समजेल असं, सावकाश, काही न लपवता. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "मी ओढत होते तेव्हा बेल वाजत होती?"

"यंत्राला कळत होतं, आंटी. मी आवाज बंद केला होता."

"किती वेळा कळलं?"

"सत्तावीस."

"मग चांगली आहे तुझी बेल," ती म्हणाली. "मला वाटलं, खराब झाली. मी तुला शिव्या देत होते."

मला रडू आलं. मी तिला विचारलं, आधीच्या दिवसांत कुणी आलं नाही तेव्हा तिनं तक्रार का नाही केली. ती म्हणाली, आतल्या थंड हवेत तिला बसवत नव्हतं, जन्म व्हरांड्यात गेला. दुपारी ती गुपचूप बाल्कनीत जाऊन बसायची. बाक बुटकं, उठता यायचं नाही, म्हणून दोरी ओढायची. कुणी नाही आलं की कठड्याला धरून कशीबशी उठायची आणि जाताना हिरवं बटण दाबायची. "बेल चालू ठेवून जायचं नाही. दुसरी कुणीतरी बिचारी धावत येईल." बंद बाल्कनीत गेल्याबद्दल ओरडा बसेल, म्हणून बोलली नाही.

मी म्हटलं, "त्या मुलींना वाटलं भूत आहे. म्हणून कुणी आलं नाही."

"आणि तू?"

"मला माहीत होतं भूत नाही."

"म्हणून तूही नाही आलास," ती म्हणाली. रागानं नव्हे, चहात साखर आहे का विचारावं तशी. थोड्या वेळानं मी तिला ते विचारलं जे त्या पहिल्या दुपारी विचारायला हवं होतं. आंटी, जुन्या वॉर्डात तीन आणि पाचच्या मधे कोण होतं?

"मी कधी विचारलं नाही. मी गेले की पट्टी वर राहायची. एकदा खूप काम होतं, नाही गेले. दिवसभर पडत राहिली." तिनं डोळे मिटले. "वाट बघणं फार वाईट, मिस्टर. कोण का असेना."

तीन आठवड्यांनी ती गेली. छातीतला कफ काही निघाला नाही. मी अंत्यविधीला गेलो होतो. तिच्या भाचीनं मला ओळखलं नाही, आणि मीही कोण ते सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही, हे लिहून टाकतो.

एक गोष्ट अहवालात नाही. चारची पहिली नोंद मी शोधली होती. ती मॅडम ओंग दाखल झाली त्याच्या दोन दिवस आधीची आहे. दुपारी तीन, आणि चार मिनिटांनी तिथं जाऊन कुणीतरी हिरवं बटण दाबलेलं. गळती बघायला आलेला एखादा कामगार असेल. असणारच. मी चौकशी केली, त्या दिवशी कुणी कामगार आल्याची नोंद सापडली नाही. पण सगळ्यांच्याच नोंदी कुठं होतात?

निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं काम त्या जुन्या टेकाडावर निघालं. इमारत पाडायची ठरली होती. मंडळाला ती लाकडी पेटी नव्या इमारतीच्या दर्शनी भागात मांडायची होती, आठवण म्हणून. मी आणि मुरुगन सकाळी दहाला गेलो. वॉर्ड रिकामा, पंखे काढलेले, फरशीवर पालापाचोळा, आणि बेड जिथं होते तिथं फिकट चौकोन. तीनचा चौकोन, मग मोकळी जागा, मग पाचचा.

मी पेटीचे स्क्रू काढत होतो. दोन निघाले होते. वायरी वर्षांपूर्वी मीच कापल्या होत्या, त्यांची टोकं माझ्या नाकासमोर लोंबत होती. 'टक्' झालं. पिवळ्या कागदाची पट्टी खाली पडली होती.

स्क्रू सैल झाले की पेटी हलते, पट्टी पडू शकते. मुरुगन शिडी धरून माझ्याकडं बघत होता. या वेळी त्याला उंदीर सांगायला मी तोंड उघडलं नाही. स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, खाली उतरलो आणि चालायला लागलो. वॉर्ड किती लांब आहे ते मला पहिल्यांदाच कळलं. मधेच माझ्या तोंडून निघालं, "आलो, आलो." मराठीतच निघालं.

तीन आणि पाचच्या मधे जाऊन मी हात बांधून उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग परत आलो, काच सरकवली आणि पट्टी बोटानं वर लावली. ती राहिली.

मुरुगननं हळूच विचारलं, "सर, देअर गॉट समबडी?"

मी म्हटलं, "माहीत नाही. जाऊन आलो."